पंचफुलाबाईंचा अर्धा इंच

पंचफुलाबाई ताकसांडे आमच्या चित्रकला महाविद्यालयात शिकायला आल्या तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांचा शिक्षक, म्हणजे मी, चौतीस वर्षांचा. त्यांच्याबद्दल लिहायचं तर शेवटी माझी स्वतःची फजिती लिहावी लागणार, म्हणून इतके दिवस टाळलं. पण टाळून टाळून किती टाळणार? मनातून त्या काही जात नाहीत. वर्गातूनही घंटा झाल्यावर लवकर जात नसत.

आमचं कॉलेज वर्ध्यात, एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन मजले. वरच्या मजल्यावर पत्रे. मे महिन्यात त्या पत्र्यांखाली ट्यूबमधला रंग न दाबताच बाहेर यायचा. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायचो. हे तत्त्व ज्यांना माहीत नाही ते सुखी. दर जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं आणि 'सर, यंदा ठेवताय ना?' हे तोंडाने न विचारता चेहऱ्याने विचारायचं, असं ते तत्त्व आहे. प्राचार्यांना सगळे मोठे सर म्हणत. हात सोन्याचा माणसाचा. दहा मिनिटांत कोळशाने समोरचा माणूस कागदावर उभा करायचे. पण शिस्तीचं भारी वेड. त्यांच्यापुढे माझी तर बोलतीच बंद व्हायची.

पंचफुलाबाईंचं वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान. तीस वर्षं तेच काम. दहावी लग्नाआधीची, बारावी चाळिशीत केलेली. ठेंगणी, सावळी बाई. चष्म्याला दोरी आणि गळ्यात टेप. वर्गातसुद्धा टेप गळ्यातून काढायच्या नाहीत. पोरं हसली की म्हणायच्या, "चष्मा घरी विसरन, टेप नाई." त्यांचे मालक रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. ते रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरला बाईंचा ड्रॉइंग बोर्ड बांधून घेऊन यायचे, जिन्यापाशी टेकवायचे आणि निघून जायचे.

माणसाकडे बघायची बाईंची एक रीत होती. चेहरा सगळ्यात शेवटी. आधी खांदे, मग मान, मग पाठ. नाव लक्षात राहायचं नाही, माप राहायचं. "तो पंधराच्या खांद्याचा पोरगा आज आला नाई का जी?" असं विचारायच्या आणि आम्ही ओळखायचो. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "सर, झोला दुसऱ्या खांद्यावर घेत जा. उजवा पाऊन इंच उतरला तुमचा." घरी जाऊन आरशात पाहिलं. खरंच उतरला होता. तेव्हापासून मी झोला डाव्या खांद्यावर घेतो. आता तोही उतरला असेल, पण सांगणारं कोणी नाही.

एकदा मी विचारलं, "दुकान चांगलं चाललंय, मग या वयात ही उठाठेव कशाला?"

"सर, माह्या दुकानात मापाच्या वह्या हायेत. हजारेक बाया असतीन. छाती, कंबर, खांदा, बाही. आकडे हायेत, बाया नाईत. कोनाची पाठ कशी होती ते मले डोळे मिटून दिसते, पन कागदावर येत नाई. ते आनाचं हाय मले." मग जरा लाजून, "आन डिप्लोमा मशीनच्या वर लावाचा हाय. फ्रेम करून. जागा पाहून ठेवली."

मोहल्ल्यात याची टिंगल चालायची. शेजारणीने एकदा दुकानात माझ्यादेखतच विचारलं, "बाप्पा! नातू खेळवाच्या वयात चित्रं काढून राह्यली का वं?" पंचफुलाबाईंनी शिवता शिवता मान वर न करता सांगितलं, "हो. तुह्या ब्लाउजाचा गळा एकदा तरी वाकडा आला का? नाई ना? मंग माह्या कागदाची काळजी तू नोको करू." शेजारीण ब्लाउज घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात दुसरा घेऊन आली. करते काय? गळा खरंच कधी वाकडा येत नव्हता.

पहिल्या वर्षी पुतळा काढायचा असतो. आमच्याकडचा पुतळा म्हणजे प्लास्टरचा एक ग्रीक तरुण, कमरेपासून वर, नाकाचा शेंडा उडालेला. माझ्या शिक्षकांनी तोच काढला, मी तोच काढला, माझ्या विद्यार्थ्यांनी तोच. पंचफुलाबाई त्याच्यासमोर बसल्या आणि कोळसा हातात घेतलाच नाही. दहा मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याची मान खांद्याच्या मधात नाई बसली जी. डावीकडं सरकली हाय."

मी शास्त्र सांगितलं. म्हटलं, बाई, एका पायावर भार दिला की कंबर झुकते, खांदे तिरपे होतात, याला म्हणतात अभिजात उभं राहणं.

"कमरेखाली तं हा हायच नाई. भार कोनाच्या पायावर देऊन राह्यले तुमी?"

वर्ग खो खो हसला. मी चिडलो. "आधी काढा, मग बोला," म्हटलं. तास संपल्यावर दार लोटून घेतलं आणि गुपचूप ओळंबा सोडून पाहिला. मान सरकलेलीच होती. साचा दोन भागांचा. जोडताना कारागिराचा हात हलला असणार. इतकी वर्षं सगळ्यांनी ती मान मधोमध काढली, कारण मान मधोमध असते हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात कबूल केलं. जिवावर आलं होतं, पण केलं. त्यावर त्या म्हणाल्या, "कापड खोटं बोलते सर, अंग नाई बोलत." हे त्यांचं आवडतं वाक्य. प्लास्टरला अंग म्हणतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाई आल्या आणि सगळ्यांना पुरून उरल्या. छे! पुढचं दीड वर्ष त्यांनी माझं डोकं खाल्लं. त्यांनी काढलेला प्रत्येक माणूस जाडा यायचा. मान बरोबर, खांदे चोख, कोन बिनचूक, आणि तरी बाहेरची रेघ सगळीकडून फुगलेली. काडीसारखा माणूस समोर बसवला तरी कागदावर तो लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा. मी खोडायचो, त्या पुन्हा काढायच्या, पुन्हा तेच. मी ओरडायचो, त्या वाद घालायच्या. शेवटी वैतागून मी त्यांचाच टेप मागितला. मोठा कागद होता, डोकं आणि खांदे खऱ्या मापाचे. समोर बसलेला पोरगा मोजला, कागद मोजला. डावीकडे अर्धा इंच जास्त. उजवीकडे अर्धा इंच. दंडाला अर्धा इंच. कानाला सुद्धा अर्धा इंच!

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय! शिलाईचं सोडून राह्यली मी!"

तीस वर्षं कापडावर रेघ मारायची ती शिलाईसाठी अर्धा इंच मार्जिन सोडूनच. डोळा नेमका अंगावर, हात मात्र मार्जिनवर. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. आणि उपाय शोधला तोही टेलरिंगचाच. आधी हाताला येईल तशी रेघ मारायची. मग तिच्या आतून, अर्ध्या इंचावर, टीप घालावी तशी तुटक रेघ. मग बाहेरची खोडून टाकायची. मी म्हटलं, बाई, असं जगात कोणी शिकवत नाही.

"मंग तुमी शिकवा," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तिसऱ्या वर्षी बाहेरून आणलेलं मॉडेल असतं, तोवर वर्गातलीच पोरं आळीपाळीने बसतात. बाई मॉडेल मिळायची मारामार. त्या वर्षी सिंदी रेल्वे या गावची गिरजाबाई मिळाली. जन्म जिनिंगमध्ये गेला तिचा, कापसाची बोझी वाहून पाठ कमरेपासून वाकलेली, एक खांदा वर, एक खाली. सकाळच्या पॅसेंजरने यायची, स्टुलावर बसायची आणि पाचव्या मिनिटाला बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. पंचफुलाबाईंनी तीन दिवस खपून तिचं चित्र केलं. रंग सुरेख, हात सुरेख, चेहरा तर बोलत होता. पण गिरजाबाई ताठ बसली होती! शाळा तपासायला साहेब आल्यावर हेडमास्तरीण बसते तशी.

"पाठीचा बाक कुठे गेला?" मी विचारलं.

"आमी असंच करतो जी. एक खांदा उतरला तं आतून पट्टी लावतो. पाठीले पोक असलं तं मागचा कपडा लांब काटतो. बाई आरशात पाह्यते तं सरळ दिसते. गिऱ्हाइकाचं उनंपन झाकाव, हा आमच्या धंद्याचा धरम हाय."

त्या दिवशी मी भाषण ठोकलं. चांगलाच रंगात आलो होतो. चित्रात झाकाझाकी म्हणजे शुद्ध खोटेपणा, डोळ्याला दिसतं ते काढा, मनाला बरं वाटतं ते नको. प्लास्टरच्या पोराची मान सरकलेली ज्या बाईला दिसते, तिने जित्या बाईची पाठ सरळ करावी? सगळा वर्ग ऐकत होता. पंचफुलाबाई ब्रश पुसून घरी गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत. मला वाटलं, आता येतच नाहीत. आणि खरं सांगतो, घरी जेवण गेलं नाही मला.

तिसऱ्या दिवशी आल्या आणि माझ्याकडे न बघता थेट गिरजाबाईपुढे जाऊन बसल्या. "गिरजाबाई, तुही पाठ जशी हाय तशी काढू का वं? राग तं नाई येनार?"

गिरजाबाईने एक डोळा उघडला. "पाठ माही हाय माय, चोरीची नोहे. काढ ना."

त्यानंतर पंचफुलाबाईंनी कागदावर कोणाचं काही झाकलं नाही. आणि हे त्यांना मी शिकवलं. मीच. पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

शेवटच्या वर्षी मानवाकृतीची परीक्षा असते. तीन दिवस, मॉडेलसमोर, कॅनव्हासवर तैलरंगात. तीत पास तरच डिप्लोमा. बाहेरून एक परीक्षक येतो, आतला एक असतो. दोघांनी मिळून एकच आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. आतला मी होतो. मॉडेल गिरजाबाई.

आता परीक्षेतला माणूस हे वेगळंच प्रकरण आहे. बसलेला माणूस बैठकीपासून टाळूपर्यंत चार डोकी, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या चौपट, भरला पाहिजे. मान ताठ, उजेडात पिवळा, सावलीत जांभळा. परीक्षकाला एका दुपारी ढीगभर कॅनव्हास बघायचे असतात. जरा प्रमाण वेगळं दिसलं की त्याला दारातूनच चूक वाटते. म्हणून वाकलेल्या माणसालाही सगळे थोडं सरळ करून घेतात. मी दरवर्षी पोरांना हळूच सांगायचो, वर्षभर खरं काढा, परीक्षेला पास व्हा.

आदल्या दिवशी बाईंना जिन्यात गाठलं. "ऐका माझं. तीनच दिवस. पाठ थोडी उचला. ब्लाउजात उचलायच्या तेवढीच. पास झालात की मग जन्मभर काय काढायचं ते काढा."

"सर, खोटेपना म्हनलं होतं ना तुमी?"

"परीक्षा वेगळी, चित्र वेगळं."

"आन गिरजाबाई? ते बी परीक्षेले वेगळी येनार हाय का?"

"नापास व्हाल, बाई."

"होईन." दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "तुमी चार वर्षं घातलेली शिलाई मले तीन दिवसात नाई उसवता येत जी."

तीन दिवस त्यांनी काढलं. काय काढलं म्हणून सांगू! गिरजाबाई तिरपी बसलेली, पाठ आपल्याकडे. लुगड्यातून वर आलेला मणक्यांचा बाक, वर चढलेला खांदा, ओझ्याने घट्ट झालेलं मानेमागचं मांस. कुठे दया नाही, कुठे रडगाणं नाही. ही पाठ माझी आहे, चोरीची नाही, असं चित्रच म्हणत होतं. मी खिडकीपाशी जाऊन उगाच खोकलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक आले. घाईत होते. सगळे कॅनव्हास बघत बघत बाईंच्या मागे थांबले आणि पेनाने हवेत रेघा मारत म्हणाले, "प्रमाण गेलं. धड तोकडं, खांदे वरखाली."

परीक्षेत विद्यार्थ्याने बोलायचं नसतं. पंचफुलाबाई उठल्या. "मोजून दाखवू का जी?" आणि उत्तराची वाट न बघता टेप काढून गिरजाबाईकडे गेल्या. "गिरजाबाई, माप घेऊ का?"

"घे ना. ब्लाउज शिवून देतं का?"

"देतो. आधी बस चुपचाप." (आमच्याकडे बायकाही देतो, येतो, जातो असंच म्हणतात.) त्यांनी टेप लावला आणि दुकानात सांगतात तसं मोठ्याने सांगायला सुरुवात केली. "बैठकीपासून डावा खांदा अठरा. उजवा साडेसोळा. टाळू सव्वीस. डोकं आठ. सव्वातीन डोकी भरते हे बाई. आता चित्रात मोजा."

परीक्षकांचा चेहरा लालबुंद. "मला शिकवू नका. आदर्श प्रमाण म्हणून काही असतं."

"असन जी. पन ते आज आलं नाई. आज गिरजाबाई आली हाय."

कोणीतरी मागे फसकन हसलं. मी मात्र हसलो नाही. मी गुणपत्रक हातात घेऊन माझ्या चपलांकडे बघत होतो. बाजूच्या खोलीत गेल्यावर परीक्षकांनी एकतीस लिहिले. पासाला चाळीस लागतात. "उर्मट बाई आहे," म्हणाले आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. आकडा दोघांचा असतो. मी 'नाही' म्हटलं असतं तर बसून बोलावं लागलं असतं, पुन्हा मोजावं लागलं असतं, एवढंच. दारात मोठे सर उभे होते. जून तोंडावर आला होता. मी मूग गिळले आणि सही केली. माझी सही वळणदार आहे. सगळे म्हणतात.

तर ही माझी फजिती. फजिती कसली, लाजच.

निकाल लागल्यावर बाई आल्या. गुणपत्रक नीट वाचलं. "सर, ही सही तुमचीच हाय ना?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय," म्हणाल्या आणि माठाकडे पाणी प्यायला गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो तरी असतो.

ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं. पण त्याआधी आमच्या कॉलेजात एक रीत होती. परीक्षेचा कॅनव्हास कॉलेजचा. जो नापास होईल त्याने आपल्या कॅनव्हासवर आपल्याच हाताने पांढरा रंग मारायचा, रजिस्टरमध्ये शिक्षकाने नोंद करायची, की मोठे सर ऑक्टोबरच्या फॉर्मवर सही करणार. त्याच कॅनव्हासवर मग पुन्हा परीक्षा द्यायची. मोठे सर म्हणत, नापासाचं सुतक धरू नका, पांढरा मारा आणि पुढे चला. पोरं हसत खेळत मारायची. मीही विद्यार्थी असताना एका म्हाताऱ्यावर मारला होता. त्याचा चेहरा आज आठवत नाही मला.

जुलैत बाईंना बोलावलं. वरच्या मजल्यावर पांढऱ्या रंगाची बादली, रुंद ब्रश, रजिस्टर, मोठे सर आणि मी. बाई आल्या त्या काखेत नवा कोरा कॅनव्हास घेऊनच. स्वतः चौकटीवर ताणलेला, कडा दुमडून मशीनची टीप घातलेला.

"हे घ्या जी. कॅनव्हास कॉलेजचा, तं कॅनव्हास कॉलेजले वापस. हा कोरा हाय, त्याच मापाचा. तो मले द्या."

"प्रश्न कापडाचा नाही बाई, शिस्तीचा आहे," मोठे सर शांतपणे म्हणाले. "मी मारलाय, ह्यांनी मारलाय, सगळ्यांनी मारलाय. तुम्ही मारा, मी फॉर्मवर आत्ता सही करतो." फॉर्म खरंच त्यांच्या खिशात होता. माणूस वाईट नव्हता.

बाईंनी चित्राकडे बोट दाखवलं. "सर जी, हे बाई जिती हाय. आज बी पॅसेंजरनं आली, ब्लाउज घ्याले. खाली टपरीवर चहा पिऊन राह्यली. जित्या मानसावर पांढरा नाई मारत मी."

"मग फॉर्म मिळणार नाही."

"नोको."

एवढंच म्हणाल्या. चार वर्षं गेली त्या एका शब्दात. मशीनच्या वरची पाहून ठेवलेली जागा गेली. चौकटीची कड त्यांनी घट्ट धरली होती, ते मी पाहिलं. आवाज मात्र जरा हलला नाही. मोठ्या सरांचा पारा चढला. "तुम्ही मारा," मला म्हणाले, "आणि नोंद करून रजिस्टर खाली आणा." आणि जिना उतरून गेले.

पंचफुलाबाईंनी बादलीतला ब्रश उचलला आणि माझ्या हातात दिला. "घ्या सर. सही तुमची हाय, पांढरा बी तुमीच मारा. मी बसतो इथं." स्टूल ओढलं आणि समोर बसल्या.

मी ब्रश रंगात बुडवला. खोटं कशाला बोलू, बुडवला. वर काढला. पांढरा रंग टपटप फरशीवर पडत होता आणि समोर ती पाठ. चार वर्षांत मी एकच खरी गोष्ट शिकवली होती आणि ती समोर बसली होती, एक चौकटीत, एक स्टुलावर. हात वर जाईना. ब्रश बादलीत टाकून दिला.

मग मला वाटलं, आपल्याला युक्ती सुचली. रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'पांढरा मारला.' कोरा कॅनव्हास तर आलाच आहे, कोण बघतंय? फॉर्मवर सही होईल, चित्र घरी जाईल, सगळे सुखी. मोठ्या खुशीत बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"खोडा."

"अहो बाई, तुमच्यासाठीच तर..."

"माह्यासाठी खोटं नोका लिहू सर. माह्या नावापुढं एकदा लिहिलं तुमी, तेवढं पुरे."

मी खोडलं. त्याखाली लिहिलं, 'पांढरा मारला नाही.' सही केली. या वेळी ती वाकडी आली. बाईंनी खाली आपली केली. पुढच्या जूनमध्ये मला ठेवलं नाही. ते असो. दारात उभं राहायचं तरी संपलं.

त्यांनी कोरा कॅनव्हास भिंतीला नीट टेकवून ठेवला. आपला उतरवला, दोन नाड्या बांधून पाठीवर घेतला, रंगवलेली बाजू बाहेर. "येतो जी," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी खिडकीत गेलो. भर दुपार, रस्ता गच्च. टपरीवरून गिरजाबाई उठली, ब्लाउजची पिशवी सांभाळत त्यांच्या बाजूने चालू लागली. हॉर्न वाजत होते. दोघींपैकी कोणीच घाई केली नाही.

एका ऑटोवाल्याने मान बाहेर काढली. "मावशी, फोटो कोनाचा हाय वं?"

पंचफुलाबाई थांबल्या नाहीत. "ही काय, बाजूनं चालून राह्यली! डोळे हायेत ना?"

ऑटोवाल्याने भर रस्त्यात ऑटो थांबवला आणि आधी चित्राकडे, मग गिरजाबाईकडे नीट पाहिलं. गिरजाबाईने त्याला हाताने बाजूला हो म्हणून सांगितलं, आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या.